जाणाऱ्याचं जेवण

डिर्कसेन साहेब,

तुम्ही पत्ता ठेवला नाहीत, म्हणून हे पत्र घरातच राहील. ज्या गुंतवणूक फंडाला तुम्ही आपला कुलपांचा कारखाना विकलात, त्यांनी काल तो बंद केला.

नोकरी सोडून जाणाऱ्यानं मागे राहणाऱ्यांना खाऊ घालायचं, ही आपल्याकडची रीत तुमच्या वडिलांच्या वेळेपासूनची. काल सगळेच जाणारे होते. तरी सवयीनं प्रत्येकानं घरून बटाट्याचं सॅलड आणलं. टेबलभर पातेली, आणि मागे राहणारं कोणीच नाही.

आपला गेर्नोट मला म्हणाला, "हिल्ट्रूड, फंडवाल्यांना डबा भरून दे." कोणी फारसं हसलं नाही.

घरी पातेलं घासताना आठवलं, सगळ्यांच्या आधी गेलात ते तुम्ही. तेव्हा मागे राहणारे आम्ही होतो, आणि तुम्ही काहीच आणलं नव्हतंत.

पॅकिंग खात्यातली,
हिल्ट्रूड