रविवारच्या औषधाला संदर्भ मागणारी भाची

ता. मंडणगड,
गौरी-गणपती आटोपल्यानंतरचा मंगळवार

ती. सुहासराव भावोजी यांच्या चरणी काशीरामचा नमस्कार. तुळसाताईलाही नमस्कार सांगावा, मात्र हे पत्र तिच्या हाती देऊ नये, कारण ती ते लगेच फोनवर लेकीला वाचून दाखवील आणि हे पत्र त्या लेकीविरुद्ध आहे. इकडे आम्ही दोघे खुशाल. प्रेमलाची कंबर अधूनमधून धरते, तोंड मात्र व्यवस्थित चालू आहे. तुमचे गुडघे अगदी बरे आहेत असे तुम्ही मागच्या फोनवर म्हणालात. (बरे असलेल्या माणसाने ते पुन्हा पुन्हा सांगितले नसते, पण तुमचे गुडघे हा आजचा विषय नाही.)

विषय तेजलचा आहे. तुम्ही वडील म्हणून तिला डॉक्टर केलीत, चांगले केलेत. पण दवाखाना सुटल्यावर ती काय उद्योग करते याची तुम्हाला कल्पना आहे का? इंटरनेटवर एक मोठा ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लिहावे, कोणीही खोडावे. तेजल आणि तिच्यासारखे आणखी काही डॉक्टर तिथे रोगांवरचे लेख दुरुस्त करत बसतात. नाव नाही, मानधन नाही, साधा हारतुरा नाही. मी एस.टी.त जन्मभर कंडक्टरकी केली आहे. अर्ध्या तिकिटाचे पोर खरे किती वर्षांचे हे मला त्याच्या आईच्या चेहऱ्यावरून कळते. त्या अनुभवावरून सांगतो, डॉक्टर माणूस फुकट काही लिहीत असेल तर ती गोष्ट तपासून बघण्यासारखी असते.

आता मला हे कळले कसे, ते सांगतो. आमच्या घरचे काविळीचे औषध तुम्हाला ठाऊक आहेच, तरी शहरात राहून विसरला असाल. आजोबांपासून चालत आले आहे. रविवारी, उजाडायच्या आत, उपाशीपोटी, ताकातून. मुळी कोणती ते घरातल्या एकालाच सांगायचे. पैसे घ्यायचे नाहीत, नारळसुद्धा घ्यायचा नाही, आणि औषध पोटात गेले की रोग्याने मागे वळून न बघता घर गाठायचे. (आपल्या सदू रिक्षावाल्याचा चुलता विसरलेली छत्री न्यायला मागे वळला, तर त्याला पुढच्या रविवारी पुन्हा यावे लागले. छत्री मी आठवडाभर सांभाळली.) कंडक्टर होतो तोवर हीच माणसे सुट्ट्या पैशांवरून माझा उद्धार करायची. रविवारी तीच माणसे माझ्या अंगणात हात जोडून बसतात. निवृत्त माणसाला गावात दुसरी किंमत काय असते भावोजी? मला हा एक रविवार आहे.

तर गेल्या पावसाळ्यापासून अंगणातली माणसे कमी होऊ लागली. मला आधी पलीकडच्या वाडीतल्या वैदूचा संशय आला, पण तो बिचारा स्वतःच लेकाकडे पनवेलला जाऊन राहिला आहे. शेवटी सदूला बसवून चहा पाजला तेव्हा त्याने मोबाइल काढला आणि म्हणाला, "काका, आता लोकं आदी ह्यात बगतात, मग ठरवतात." बघतो तर ‘कावीळ’ या नावाचा हा लांबलचक लेख. पाण्यातून होणारी वेगळी, रक्तातून होणारी वेगळी, पित्ताचा खडा अडकून होणारी आणखी वेगळी. आमच्याकडे तीन पिढ्या एकच कावीळ होती आणि तिला एकच औषध होते. यांनी एका लेखात इतक्या करून ठेवल्या. आणि खाली वाक्य, की झाडपाल्याच्या औषधांनी यकृताला अपाय होऊ शकतो. नाव घेतलेले नव्हते, पण मंडणगड तालुक्यात असे वाक्य कोणावर लिहिले जाते ते उघड आहे.

मी चौकशीला लागलो. पहिली गोष्ट खटकली ती अशी, की प्रत्येक वाक्याच्या शेपटाला चौकोनी कंसात बारीक आकडे. मला वाटले आकड्याचा धंदा चालतो, मटक्याचे ओपन-क्लोज. सदू म्हणाला, ते संदर्भ आहेत, म्हणजे ही गोष्ट कुठल्या पुस्तकातून घेतली त्याचा पुरावा. दुसरी गोष्ट, लेखाच्या मागे एक चर्चेचे पान असते. तिथे एक नागपूरचा डॉक्टर, एक कोल्हापूरचा आणि ‘आरोग्यमित्र’ अशा नावाची कोणी व्यक्ती, असे तिघे पाणी किती वेळ उकळावे यावर वाद घालत होते. आणि कसे, तर ‘आपला मुद्दा योग्य आहे’, ‘माझ्याकडून चूक झाली, क्षमस्व’. भावोजी, दवाखान्यात माझ्याकडे मान वर करून न बघणारी ही जमात, हिने एकमेकांना क्षमस्व म्हणावे? मी तेव्हाच प्रेमलाला म्हटले, यामागे औषधाची कंपनी आहे. नसेल तर रक्त तपासणारे आहेत. तेही नसतील तर कोणीतरी आमच्या मुळीच्या मागावर आहे. ती म्हणाली, तुमच्या मुळीला कोण विचारतो, आधी परसातली भेंडी खुडून आणा.

कोणीही लिहू शकतो म्हणतात ना, मग मीही लिहिले. ‘स्पष्टवक्ता’ हे नाव घेऊन त्या लेखात एका बोटाने टाइप करून घातले: ‘काविळीवर खात्रीचे औषध मंडणगड तालुक्यात दर रविवारी विनामूल्य मिळते.’ भेंडी खुडून येईपर्यंत ते गायब. पुन्हा घातले, पुन्हा गायब, आणि खाली त्या आरोग्यमित्राची चिठ्ठी: ‘आपल्या सहभागाबद्दल आभार. कृपया विश्वसनीय संदर्भ द्यावा.’ मी दिला. ‘संदर्भ: आमचे आजोबा (हयात नाहीत).’ काढले. ‘संदर्भ: संपूर्ण गाव.’ काढले. मग रागाने सगळे पथ्यपाणी सविस्तर लिहिले, छत्रीच्या हकीकतीसह, आणि संदर्भ म्हणून घरचा पत्ता दिला. तेही काढले, आणि पुन्हा आभार मानले. इतके आभार मानणाऱ्या माणसावर तुम्ही विश्वास ठेवाल का?

त्याच संध्याकाळी तेजलचा फोन. एरवी दिवाळीला येतो. म्हणाली, "मामा, स्पष्टवक्ता तू आहेस ना? छत्रीचं वाचलं आणि ओळखलं." मी म्हटले, ते तर काढून टाकले होते, तू कुठे वाचलेस? म्हणाली, "अरे, आरोग्यमित्र मी आहे." भावोजी, जिला मी एस.टी.च्या पुढच्या सीटवर मांडीवर बसवून घंटीची दोरी ओढू दिली, तिने माझे औषध पुसून टाकले, तेही माझेच आभार मानून. मी विचारले, तुला यात मिळते काय? म्हणाली, "काही नाही. तुला तरी रविवारी काय मिळतं?" मी म्हटले, आमची ती घरची रीत आहे. त्यावर ती म्हणाली, की मामा, पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने आपोआप बरी होते, तू ताक दिलंस तरी आणि नाही दिलंस तरी. मी फोन ठेवला. मला त्या वाक्याचे फार वाईट वाटले. तीन पिढ्या आम्ही उजाडायच्या आत उठून काय केले मग, लोकांना नुसते ताक पाजले?

तेव्हापासून मी तो लेख रोज वाचू लागलो, शिकायला नव्हे, खोट काढायला. एकदा खोट सापडली की चर्चेच्या पानावर तिच्याच भाषेत ‘क्षमस्व’ म्हणायला लावणार होतो. वाचून वाचून पाठ झाला. आणि तिथेच माझा घात झाला.

श्रावणातल्या एका रविवारी आमच्या वाडीतली सावित्री आपल्या सुनेला, राहीला, घेऊन आली. राहीचा नवरा मुंबईला, आणि तिचे दिवस भरत आलेले. डोळे हळदीसारखे पिवळे. सावित्री म्हणाली, "काका, कालधरनं ओकत्ये. वाईच औषद द्या, बाकी मी बगत्ये." वाटी माझ्या हातात भरलेली. आणि मला ते वाक्य आठवले. ‘गरोदर स्त्रीला कावीळ झाल्यास वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आई व बाळ दोघांच्या जिवाला धोका असतो.’ त्याच्यापुढे त्या आकड्यांची रांगच होती, इतके संदर्भ दुसऱ्या कुठल्याच वाक्याला नव्हते. मी मनात म्हटले, हे कंपनीवाल्यांचे वाक्य आहे. पण हात पुढे होईना. राही माझ्याकडे बघत होती, भावोजी. मी वाटी जास्वंदीच्या मुळाशी ओतली आणि सदूला हाक मारली.

सावित्री अंगणात ओरडली, "आमी काय वाईट केला तुमचा?" सगळ्यांच्या देखत. रिक्षातून उतरेपर्यंत ती मला बोलत होती आणि रिक्षात मीही होतो. मंडणगडच्या दवाखान्यातून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे राही बरेच दिवस होती, मधले दोन दिवस तर कोणी आमच्याशी धड बोलेना. मी बाहेर बाकावर बसून देवाजवळ एवढेच मागत होतो, की लेखातले ते वाक्य खरे असू दे, आणि धोक्यापुरते खोटेही असू दे. शेवटी मुलगी झाली, वजनाने कमी, आवाजाने सावित्रीवर गेलेली. दोघी घरी आल्या. सावित्रीने देवीची ओटी भरली, डॉक्टरीणबाईंना काजू पोचवले. माझ्याकडे आली नाही, आणि ते बरोबरच आहे, औषध दिलेच नव्हते.

आता गावात काय बोलतात ते ऐका. मी त्यानंतर औषध थांबवले आहे. येईल त्याला सांगतो, आधी रक्त तपासून या. तर लोक म्हणतात, काशीरामला दवाखान्यातून कमिशन मिळते. नाहीतर फुकट कोण दुसऱ्याला दवाखान्यात धाडतो? पारावर मला तोंडावर विचारतात, "काका, किती सुटतात एका पेशंटामागं?" मी, ज्याने जन्मभर लोकांवर संशय घेतला, त्या मला हे ऐकून घ्यावे लागते आणि प्रेमला आत तोंडाला पदर लावून हसते. हे सगळे तुमच्या मुलीमुळे झाले. तिला समज द्यावी, आणि त्या ज्ञानकोशामागे नक्की कोण आहे याची तुम्ही मुंबईत स्वतंत्र चौकशी करावी, एवढ्यासाठी हे पत्र. कळावे, लोभ असू द्यावा.

आपला,
काशीराम

ता. क. — समज जरा हलक्या आवाजात द्या. त्या लेखाच्या मागे प्रत्येक बदलाचा इतिहास असतो, कोणी केव्हा काय घातले त्याचा. गरोदर बाईचे ते वाक्य तेजलने घातलेले आहे. मी पाहिले. मला तिचा अभिमान वाटला, पण हे तिला सांगू नये.

ता. क. दुसरा — चौकशी राहू दे. तिला एक रविवार इकडे पाठवता का? पडवीत माझ्या जागी बसावे, आलेल्यांचे डोळे बघावे, कोणाला दवाखान्यात जायचे आणि कोणी घरी पडून राहायचे ते सांगावे. तिच्यावर विश्वास ठेवतील. मी तेच सांगितले तर कमिशन विचारतात. बोरिवलीहून मंडणगड एस.टी. आहे, पुढे सदू आणील. मासळी मी आणून ठेवीन.

ता. क. तिसरा — या रविवारीच पाठवा. परवाच्या रविवारी एक बाप छोट्या मुलीला पाठीवरून घेऊन चालत आला. मी नाही म्हटले तर रडायला लागला. मी आत जाऊन ताक घुसळायला घेतले होते, प्रेमलाने रवी हातातून काढून घेतली. बाहेर येऊन त्याला दवाखान्यात जा म्हटले आणि त्याच्याशेजारी नुसता बसून राहिलो. आम्हाला तीन पिढ्या द्यायची सवय आहे, परत पाठवायची नाही. पुढच्या रविवारी कोणी असा रडला तर मी वाटी भरीन, भावोजी.