राखणदाराला वाहिलेली बाटली

रविवार संध्याकाळ, परळ

डोकं फिरलंय नुसतं. दक्षिण फ्रान्सची, तीन जातींच्या द्राक्षांची रेड वाईन. ऑफिसातून माणसं काढतायत, त्यात आपण टिकलो तर उघडायची म्हणून मी कपाटात जपून ठेवलेली. बाबांनी ती गावी नेली आणि राखणदाराच्या दगडावर ओतली. अख्खी! तीन जातींची द्राक्षं, दगडावर! देवाला दरवर्षी गावठी चालते ना? वर रिकामी बाटली धुऊन, तिच्यात कोकमाचं आगळ भरून आणलंय.

"बाबा, विचारायचं तरी!"

"अगो, राखणदाराक भारीतली नको?"

"आणि गाऱ्हाणं काय घातलंत?"

"माझ्या चेडवाची नोकरी सांभाळ, म्हटलंय."

ऑफिसातलं मी घरात कोणालाच सांगितलं नव्हतं.