बाबा पाण्यात उतरले

आकुर्डी, रविवार, १४ एप्रिल १९७४

आज आळंदीला घाटावरून माझी सुमी घसरून नदीत पडली. मी नुसता ओरडत उभा. पोहता कुठे येतं मला? माझ्या जन्माआधी कोकणात बाबांची बोट बुडाली, तेव्हापासून ते पाण्याजवळ गेले नाहीत, मलाही जाऊ दिलं नाही. पण आज धोतरासकट उडी मारून त्यांनीच नातीला केसांना धरून वर काढलं.

संध्याकाळी त्या बोटीबद्दल पहिल्यांदाच बोलले, "मलाही एका खलाशानं असंच केसांना धरून फळीवर घेतलं होतं. नाव विचारायचं राहिलं रे."

कोण असेल तो? त्याच्यामुळे बाबा, मी, आणि आज सुमी. देवापुढे हात जोडले ते त्याच्यासाठीच.

जेवताना बाबा म्हणाले, "पुढच्या रविवारी तूही पाण्यात उतरायचंस. मी आहे ना."