बाबांच्या गाडीतली दुसरी बॅटरी

थोरल्या बहिणीस, म्हणजे तुला, फेलिया,

धाकट्या बेनिसियोचा मनापासून नमस्कार. तुझे गुडघे, तुझा नवरा आणि त्याचा दमा, तिघंही आपापल्या जागी शांत असतील अशी आशा आहे. प्वेब्लोला थंडी पडली असेल. इथे एस्पान्योलात अजून मिरच्या भाजणं चालू आहे, गावभर धूर आहे. (धुराचा पुढे संबंध येतो, म्हणून हवापाणी आधी सांगितलं.) माझी तब्येत उजवा तळहात सोडला तर बरी आहे. पत्र डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. बाबा सुखरूप आहेत. ‘बाबांना जिवंत जाळायला निघाला होतास’ एवढं बोलून तू फोन आपटलास, त्यामुळे माझी बाजू सांगायची राहून गेली.

आई गेली आणि तिच्यामागून बाबांचे कानही गेले, हे तुला माहीतच आहे. कानात घालायचं ते यंत्र त्यांनी राजम्याच्या पातेल्यात टाकलं. (आपण ते शिजल्यावर शोधलं.) मग उन्हाळ्यात एकदा रस्त्यावरून कुणाची तरी मोठ्याने गाणी लावून धडधडणारी गाडी गेली. खिडकीच्या काचा हलल्या, आणि सूप पिता पिता बाबांनी मान वर करून विचारलं, “कोण वाजवतंय?” आई गेल्यापासून त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या जुन्या लांबलचक गाडीच्या डिकीत कपडे धुण्याच्या मशीनएवढा स्पीकर आणून बसवला आणि आई बँडबरोबर नाचाच्या हॉलमध्ये गायची, ते रेकॉर्डिंग लावलं. तिचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पण खालचा तो मोठ्या गिटारीचा ठोका दारातून, सीटमधून अंगात येतो. बाबा दारावर तळहात टेकून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “आता निनफा येते.” आणि नेमकी तिथेच आई गायला लागली. फेलिया, मला खाली उतरून चाकातली हवा बघावी लागली. (हवा ठीक होती.)

त्यानंतर रोज गाडीत बसायचा हट्ट. इंजिन बंद ठेवून दोन गाणी झाली की बॅटरी मान टाकायची, आणि शेजारच्या एर्लिंदाच्या गाडीला तारा जोडून आमची गाडी जागी करायची. इंजिन चालू ठेवावं तर अंगणात धूर. म्हणून मी डिकीत दुसरी बॅटरी ठेवली आणि पुढच्या बॅटरीपासून तिथपर्यंत जाड तार नेली. तारेच्या खोक्यात दोन फ्यूज होते. एक मी पुढच्या बॅटरीजवळ लावला, अगदी नियमाने. दुसरा जादा दिला असेल, असं समजून स्वयंपाकघरातल्या खणात जपमाळांबरोबर ठेवला. करंट मागच्या बॅटरीकडूनही येऊ शकतो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. (एर्लिंदा नंतर म्हणाली, “बेनी, पुढच्या दाराला कुलूप लावलंस आणि मागच्या दारात चोराला कॉफी करून दिलीस!”) शिवाय डिकीच्या पत्र्याच्या भोकातून तार गेली, तिथे रबराचं कडं बसवलं नाही. आपल्याकडचे रस्ते तुला माहीत आहेत. धक्क्याधक्क्याने पत्र्याने तारेचं कातडं सोललं.

गेल्या रविवारी, चर्चमधली मिसा आटोपून आल्यावर, अंगणात गाणं लावलं आणि उघडी तार पत्र्याला चिकटली. पुढचा फ्यूज इमानदार पहारेकऱ्यासारखा तत्काळ उडाला. मागच्या बॅटरीला मात्र अडवणारं कुणी नव्हतं. तिने आपली सगळी ताकद त्या तारेत ओतली. गाणं कण्हून बंद पडलं आणि मागच्या सीटखालून धूर निघाला. मी ओरडलो, “बाबा, उतरा!” बाबांनी दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, “यंदा मिरच्या छान भाजल्यात.” मी दार उघडून किंचाळलो, “आग! आग!” तर म्हणाले, “राग मलाही आलाय. गाणं का बंद केलंस? ते लागल्याशिवाय मी उतरत नाही.” शेवटी बगलेत हात घालून ओढलं. तेवढ्यात त्यांनी काठी माझ्या कानावर घातली. (आता घरात दोघं बहिरे.) मग मी शहाण्यासारखा तापलेल्या तारेला उघडा हात घातला. एर्लिंदा चुलीचे हातमोजे घालून पाना घेऊन धावत आली, तिने बॅटरीची पकड सोडवली आणि तिच्या मिरच्यांच्या वाफ्यातली माती टोपलीने सीटवर ओतली, म्हणून गाडी वाचली. मागची सीट गेली.

त्यानंतर बाबा अंगणात उलट्या बादलीवर बसून राहिले. एक हात बंद गाडीच्या दारावर. ऊन उतरलं तरी उठेनात. जेवले नाहीत.

आता दोन्ही बॅटऱ्यांपासून वीतभर अंतरावर एकेक फ्यूज आहे, आणि तोही तारेला झेपेल तेवढाच. फ्यूज गाण्यासाठी नसतो, तारेसाठी असतो. प्रत्येक भोकाला रबराचं कडं आहे, बॅटरी पट्ट्याने आवळली आहे. एर्लिंदाने टॉर्च घेऊन सगळं तपासलं आणि ‘हं’ म्हणाली. काल बाबांना परत बसवलं. बसले. पण आईची ओळ आली, तेव्हा काहीच बोलले नाहीत. रुसलेत की तो ठोकाही आता जाणवेनासा झाला, कळत नाही. विचारायचा धीर होत नाही.

नवऱ्याला सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा भाऊ,
बेनिसियो

ता. क. शनिवारी तू त्यांना कायमचं न्यायला येणार आहेस, असं चर्चमध्ये सगळ्यांकडून कळलं. येऊ नकोस. एवढ्यासाठीच वरचं सगळं लिहिलं. हे घर दोघांना मोठं होतं, एकट्याला तर फारच होईल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवण्याआधी वाटलं, त्यांनाही विचारावं. पाटीवर लिहून दाखवलं, ‘फेलियाकडे जाल?’ त्यांनी वाचलं आणि विचारलं, “तिच्या गाडीत असा स्पीकर आहे?” मी लिहिलं, ‘बसवता येईल.’ (का लिहिलं देव जाणे.) त्यांनी बॅग भरलीसुद्धा, हॅट वर ठेवली आहे. तेव्हा ये. फक्त तुझी गाडी माझ्याकडे सोड, मी सगळं नीट बसवून देतो. आणि मी काम फार सावकाश करतो, हे तुला माहीत आहेच.