छातीवरच्या जांभळ्या फुल्या

३ ऑक्टोबर

झालं एकदाचं रेडिएशनचं प्लॅनिंग! सासूबाईंच्या छातीवर तीन जांभळ्या फुल्या. कॅन्सरची गाठ काढली ती जागा डॉक्टर अरुंधती मॅडमनी सीटी स्कॅनवर रेघ ओढून बांधून घेतली. किरणांचा शेक द्यायचा तो त्या रेघेच्या आतच. अशा रेघांचे विम्याचे कोड मी रोज याच दवाखान्यात बिलिंगला बसून टाकते, हात कधी अडला नाही. आज फाइलवर सासूबाईंचंच नाव, तिथे अडला. रंभाबाई, उमरेड, डावी बाजू. डावीकडे हृदय असतं!

मॅडमनी बजावलंय — साबण नाही, घासणं नाही. फुल्या पाहूनच मशीनखाली झोपवतात. मशीनला रांग आहे, म्हणून पहिला शेक दिवाळीनंतर, २४ला.

१२ ऑक्टोबर

सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, कुरकुरतात. "किती दिवस अशी पारोशी ठेवशीन वं मले?" ओल्या फडक्यानं पुसून देते. खोकलाही लागलाय. हवा बदलली, दुसरं काय!

२० ऑक्टोबर

 

नरक चतुर्दशी. पहाटे मी दारात पणत्या लावत होते, तेवढ्यात आईंनी बाथरूमची कडी घातली. तेल, उटणं, सगळं यथासांग! घमघमत, खुशीत बाहेर आल्या. मी पदर बाजूला करून पाहिलं — फुल्या होत्या. पण निळ्या.

माझ्या पर्समधला मार्कर! फाइलींवर नंबर टाकते तो. छोटा आरसा धरून स्वतःच काढल्या.

"आज आंघोळ नाही केली तं नरकात जातेत. अन् पुसल्या म्हून दवाखान्यात तुलेच बोलले असते नं! काढल्या मी जशाच्या तशा. भेऊन काहून राहिली?"

जशाच्या तशा! बोटभर सरकल्या असतील तर किरण कुठे जाणार? माझ्यासाठी केलं हो त्यांनी, म्हणून रागावताही येईना.

२१ ऑक्टोबर

जितेंद्रला सांगितलं. स्वतःची आई, तरी गप्प बसायचीच भाषा. नवरा माझ्याहून भित्रा आहे. "मशीन आधी फोटो काढते नं? चुकलं असन तं पकडनच ते. तू काहून तोंड उघडतं?"

त्याचंही खोटं नाही. सांगितलं तर नव्यानं प्लॅनिंग, पुन्हा रांग. आणि विमा कंपनी शेकाच्या एका कोर्सला एकच प्लॅनिंग धरते. दुसरं पाठवलं की 'डुप्लिकेट' म्हणून परत! मीच खिडकीतून सांगते लोकांना — नाही मिळणार, काका. काही जण मग परत येतच नाहीत.

२२ ऑक्टोबर

आणि मशीननं नाही पकडलं तर?

२४ ऑक्टोबर

सांगितलं! आईंना टेबलावर झोपवायच्या आधीच. जितेंद्र माझ्याकडे बघतही नव्हता.

मॅडम ओरडल्या नाहीत. पट्टी लावून पाहिली. "बरं झालं बोललीस, उन्नती. आतल्या बाजूला सरकल्यात."  शेक रद्द. तिथल्या तिथे पुन्हा सीटी, नव्या फुल्या. आईंना वाटलं, शेकच झाला. "काहीच दुखलं नाही वं!"

दुसऱ्या प्लॅनिंगचं कारण मलाच लिहायचं होतं. दिवाळीच्या आंघोळीत खुणा गेल्या, याला कोड कुठून आणू? सरळ घडलं तसं लिहिलं आणि पाठवलं. देवा, नाही म्हणू देऊ नकोस त्यांना!

२७ ऑक्टोबर

कंपनीचं उत्तर नाही. पण भीती आता वेगळीच वाटतेय. मॅडमनी नवी रेघ अजून ओढलेली नाही. एरवी दुसऱ्या दिवशी फाइल माझ्याकडे येते. विचारलं तर म्हणाल्या, "बघतेय." आणि आईंना खोकला कधीपासून आहे, ते विचारलं.

जितेंद्रला हे सांगितलं नाही. आई अंग जपून पुसतात आता. फुल्यांना हात लावत नाहीत.

२९ ऑक्टोबर

मंजूर! दुसरं प्लॅनिंग मंजूर! धावतच मॅडमकडे गेले. त्यांनी खुर्ची पुढे केली.

नव्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत ठिपके, कॅन्सर पसरलाय. पहिल्या सीटीत नव्हते. आता छातीला शेक देऊन उपयोग नाही म्हणाल्या. रेघ ओढायचीच नाही.

घरी आल्या आल्या आईंनी विचारलं, "आता तरी साबण लावू काय वं?"

लावा म्हटलं. पाठ मीच चोळून दिली.