एक शिंग बाकी

अहो,

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तुम्हाले पत्र लिहायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. तुम्ही कुठं गेलेच नाही, तर लिहू कोणाले? आता गेले ते असे गेले, की भांडायलाही माणूस उरला नाही. म्हणून आज कागद घेऊन बसली. बोटाले अजून गोंद चिकटून आहे. आज तान्हा पोळा होता, अन् तुमच्या त्या पसाऱ्यानं माझा जीव काढला.

पसाराच म्हणीन मी! मागच्या व्हरांड्यात चार पोते. पावडरचे रिकामे डबे, चपलांचे पट्टे, मोडक्या छत्रीच्या तारा, औषधाच्या बाटल्यांची झाकणं. माझ्या कुंकवाच्या डबीचं झाकणसुद्धा त्यातच निघालं! दोन वर्षं मी कामवालीवर संशय घेऊन राहिली होती. तुम्ही समोर बसून चहा पीत होते अन् तोंडातून शब्द नाही काढला. काहून?

रेल्वेच्या वर्कशॉपातून रिटायर झाले, तेव्हा मले वाटलं, आता हा माणूस निवांत बसेल. कुठचं काय! तिकडे आपलं रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं अन् इकडे आपलं घर कबाडखाना. रविवार उजाडला, की पाऱ्यातले, गल्लीबोळातले सगळे पोट्टे दारात. आजोबा, ट्रक बनवा. आजोबा, लाल बत्तीवाली गाडी बनवा. रस्त्यानं दिवसभर मंत्र्यांच्या गाड्या पळतात, तर यांनाही तेच पाहिजे! साबणाच्या खोक्यावर खोकल्याच्या औषधाचं लाल झाकण बसवलं, की झाला मंत्री. चहा अन् पोहे करून करून मी थकली, तुम्ही नाही थकले.

होळीनंतर तुम्ही गेले. दवाखान्यात नेलं तेव्हाही खिशात कात्री होती तुमच्या. नर्सनं ती माझ्या हातात दिली. असं कोणी करते का हो?

मले वाटलं, चिऊ दोन-चार दिवस रडेल, मग सावरेल. आपली नात, सात वर्षांचं तर पोर ते. पण ती रडलीच नाही. शाळेतून आली, की व्हरांड्यात तुमच्या पाटावर बसायची अन् त्या पोत्यांवर पहारा. स्वतः काही बनवायची नाही, दुसऱ्याले हात लावू द्यायची नाही. बाकीचे पोट्टे आले, तर दार लावून घ्यायची. तिचा बाप, सुधीर, दोनदा कबाडीवाल्याले घेऊन आला. ही पोत्यावर चढून बसली. शेवटी तो भैयाच म्हणाला, "रहने दो साहब, बच्ची का सामान है."

मग एक दिवस सूनबाई चिऊच्या शाळेतून बाईंना भेटून आली. म्हणाली, "आई, चिऊ बाईंना सांगते, आजोबा गावी, भंडाऱ्याला गेलेत, येतील." सहा महिने होत आले, अन् पोट्टीनं तुम्ही गेले हे एकदाही तोंडानं म्हटलेलं नाही, हे मले तेव्हा कळलं.

यंदा आपल्या घरी सण नाही, वर्ष व्हायचं आहे. पुरण घातलं नाही. पण तान्हा पोळा तर पोट्ट्यांचा! त्यांना काहून अडवायचं? गोल बाजारात जाऊन मी लाकडाचा नंदी घेऊन आली. रंगवलेला, गळ्यात घुंगरू, खाली चाकं. चिऊनं वळूनही नाही पाहिलं.

"ये मेरा नहीं है, आजी."

"अगं, तुझ्यासाठीच तर आणला!"

"मेरा वाला बन रहा है."

बन रहा है म्हणे! कोण बनवून राहिलं? मले असा संताप आला, की आज सकाळी मी पहिलं पोतं उचललं अन् तिच्यासमोर उलटं केलं. काय काय निघालं, काय सांगू! तीन चाकांची गाडी. एकीकडून उघडा ढोल. बिनशेपटीचं माकड. एकही धड नाही! जन्मभर तुमचं हेच. मोरीचं दार अर्धं रंगवलेलं, स्वयंपाकघरातली फळी एका खिळ्यावर लटकलेली. मी ओरडली, "तुझ्या आजोबानं आयुष्यात एक काम पुरं केलं नाही!"

पोट्टीनं माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच पहिलीत आहे. "आजी, आख़िरी काम बच्चे का रहता है. नहीं तो वो खिलौना आजोबा का हो जाएगा ना."

मी तिथंच बसली. अहो, हे मले कधी सांगतलं का नाही? इतकी वर्षं मी तुम्हाले अर्धवट म्हटलं, पाहुण्यांसमोर म्हटलं, माहेरच्यांसमोर म्हटलं, अन् तुम्ही नुसते हसत राहिले! अन् मग ती फळी? ती माझ्यासाठी ठेवली होती काय?

मग तिनं पाटाखालून जोड्याचा एक खोका काढला. त्याच्यावर तुम्ही पेन्सिलनं नंदीचं तोंड काढलेलं. बस, तेवढंच. पाय नाही, चाक नाही, कान नाही.

"इसमें तो आजोबा का ही काम बाकी है. पहले वो करेंगे, फिर मैं करूँगी."

माय वं! पोट्टी याच्यासाठी थांबली होती! नियम तुम्ही केला, पोट्टीले त्यात बांधून ठेवलं, अन् स्वतः मोकळे झाले! त्या घडीले तुम्ही समोर असते ना, तर खरंच खूप बोलली असती मी.

मी म्हटलं, "दे इकडे. आजोबाचं काम मी करते."

"आपको नहीं आता."

"हव, नाही येत. मग शिकव."

अन् बाप्पा, काय फजिती! पाय चिकटवले, तर नंदी तोंडावर पडला. "आजी, आगे वाला छोटा है!" मागचे कापले, तर पार बुडावर बसला. कान लावले ते दोन्ही एकाच बाजूले. पोट्टी हसली हो! पोट धरून, लोळून लोळून हसली. तो आवाज मी होळीपासून ऐकला नव्हता. चाकाले तेलाच्या बाटल्यांची झाकणं तिनंच शोधून दिली, तार मी वाकवली. एक शिंग लावलं. दुसरं हातात घेतलं, गोंद लावला, अन् तिथंच हात आवरला. किती कठीण आहे हो ते! सोपं काम समोर पडलं आहे अन् करायचं नाही! ते शिंग तिच्यासमोर ठेवून मी आत गेली अन् घासलेलेच पेले पुन्हा घासत बसली. बऱ्याच वेळानं बाहेरून हाक आली, "आजी, हो गया!"

दुपारून पाऱ्यातले पोट्टे आपापले नंदी घेऊन घरोघर निघाले. आपली चिऊ पण निघाली. नंदी लंगडत होता, शिंगं दोन दिशांना, पण चालत होता. मी मागून गेली. कोपऱ्यावरच्या वर्मा दीदी ताटात चणे-फुटाणे घेऊन आल्या. "अरे वाह! किसने बनाया?"

"आधा आजी ने, आधा मैंने."

तुमचं नावच नाही! मले तुमच्यासाठी वाईट वाटलं. मी मागून म्हटलं, "अन् आजोबा गं?"

पोट्टीनं दोरी बोटाले गुंडाळली अन् म्हणाली, "आजोबा तो मर गए ना, आजी." अन् नंदी ओढत पुढच्या घराकडे गेली.

वर्मा दीदींनी माझा हात धरला, तेव्हा मले समजलं की मी रडून राहिली. घरी आल्यावर चिऊ माझ्या कुशीत शिरली अन् मग रडली. खूप रडली. तुमचं नाव घेऊन घेऊन रडली. मी चूप नाही केलं, रडू दिलं. आता झोपली आहे.

तर ऐका. पोते मी कोणाले देणार नाही. रविवारी पोट्टे येतील, तर दार उघडीन. चिडचिड करीन, ते काही सुटायचं नाही. पण प्रत्येकाचं शेवटचं काम त्याच्यासाठी ठेवीन, एवढा शब्द देते. चिऊची काळजी करू नका. ती आता तुमची वाट पाहत नाही.

मी पाहते. पण माझं मी निभावून नेईन.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच
प्रमिला