रिड्यूसरची बांगडी

पूनम,

मी वेळापूरला तुझ्या मावशीकडं जातोय, संध्याकाळी येईन. भाकरी टोपल्यात आहे.

शेजारच्या मल्हारनं दुर्बिणीला लावून बघायला दिलेलं रिड्यूसरचं भिंग वाईट नाही. आपल्या भिंगापेक्षा त्याच्यातून फोटोत आकाश जास्त मावतं. पण दोन्हींनी काढलेल्या फोटोत कडेचे तारे लांबट येत होते, म्हणून मी मल्हारवर ओरडलो आणि काल तुझ्यावरही. आज कळलं, भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारी कडीच नाही. ती नसली की अंतर चुकतं.

तुझी आई तिला बांगडी म्हणायची. “बांगडी घातली का? न्हायतर परत चिडाल,” असं म्हणायची. माझ्याकडून हरवू नये म्हणून स्वतःच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवायची. ती गेल्यावर तो डबा तू मला न विचारता मावशीला दिलास.

फोनवर “बांगडी परत दे” कसं म्हणू? तिला वाटेल, बहिणीच्या बांगड्याच मागतोय. म्हणून स्वतः जातोय. मल्हारला सांग, कडी आल्याशिवाय कुठलं भिंग चांगलं ते ठरणार नाही, आणखी एक दिवस थांब.

डब्यातलं दुसरं काही आणणार नाही. पण तो मीच उघडणार, मावशीला उघडू देणार नाही.

— अण्णा